घर, ऑफिस, दुकान: काम काढण्याआधी लोक मला जे विचारतात

मी पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते. पहिल्या भेटीत माणसं फोनमध्ये साठवलेले फोटो दाखवतात, चहा होतो, आणि मग उठता उठता खरे प्रश्न बाहेर येतात. ते इथे लिहून काढले आहेत. काहींना एका ओळीचं उत्तर पुरतं, काहींना पुरत नाही.

आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर की थेट कंत्राटदार? नेमकं कुणाकडे जायचं?

'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या कायद्याने राखीव आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच ती लावता येते. समोरच्याचा नोंदणी क्रमांक मागायला अजिबात संकोच करू नका. इंटिरिअर डिझायनरला अशी कायदेशीर नोंदणी लागत नाही. त्या क्षेत्रात फार चांगले लोक आहेत आणि काल-परवापर्यंत पडद्यांचं दुकान चालवणारेही आहेत. त्यामुळे पाटी बघून ठरवू नका. त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर बघायला मागा. नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं. दाराच्या बिजागऱ्या, सिंकखालचं कपाट आणि बाथरूमच्या चौकटीचा खालचा इंच यांना तीन पावसाळे गेल्यावर खरं बोलता येतं.

कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लागणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. तिथे आर्किटेक्टचं मतही पुरेसं नाही, माझंसुद्धा.

आम्ही फोटो जमवलेत. तसंच घर करून मिळेल का?

मिळेल, पण त्या फोटोंत काय दिसत नाही ते एकदा बघा. कपडे वाळत घातलेले नसतात. कुकर नसतो, गिझर नसतो, चपला नसतात, पाहुण्यांच्या गाद्या नसतात. तुमच्या घरात हे सगळं असणार आहे.

म्हणून मी आधी गृहपाठ देते. चपला-बुटांचे जोड मोजा. गव्हाचा डबा किती किलोचा आहे? गौरी-गणपतीचं मखर उरलेले अकरा महिने कुठे असतं? पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात? सकाळी साडेसात वाजता बेसिनपाशी किती माणसं असतात? एका चौघांच्या घरातून त्रेचाळीस जोड निघाले होते. त्यांनी आणलेल्या फोटोत दारापाशी एक नाजूक बाक होता आणि त्यावर एक कुंडी. आम्ही बाक ठेवला, पण पाठीमागच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत कपाट काढलं.

'समकालीन भारतीय' ही नेमकी कोणती शैली?

बाजारात त्या नावाखाली जे मिळतं ते म्हणजे पितळी दिवा, एक कोरीव दार, भिंतीवर वारली चित्र आणि सीएनसी मशीनने कापलेली जाळी. यातलं काहीही वाईट नाही, पण ती सजावट झाली. या देशात गेल्या साठ वर्षांत जे चांगलं बांधलं गेलं, त्याची सुरुवात ऊन, पाऊस आणि माणसांच्या वावरापासून झाली आहे.

मुंबईतली आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' इमारत बघा, १९८३ ची. मुंबईत पश्चिमेकडे समुद्र आहे, वाराही तिकडूनच येतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता तो चहूबाजूंच्या व्हरांड्याचा. खोल्या आत, सावलीत. कोरियांनी तो व्हरांडा उचलला आणि उंच इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या म्हणून बसवला. इमारतीवर कमान नाही की कोरीव काम नाही, तरी ती मुंबईशिवाय दुसरीकडे शोभणार नाही.

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यातच जन्मले. २०१८ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वात मानाचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जोतं, संडास-न्हाणी आणि पाण्या-विजेची सोय एवढा गाभा दिला. बाकीचं घर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं होतं. आज तिथली घरं एकमेकांसारखी नाहीत, आणि तसंच व्हावं अशीच आखणी होती. कोरियांच्या बेलापूरच्या वसाहतीतही हीच दृष्टी आहे. घरं लहान चौकांभोवती, प्रत्येकाची जागा स्वतंत्र, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता एक खोली वाढवता यावी.

जयपूरची पर्ल अकादमी २००८ ची, 'मॉर्फोजेनेसिस' या कार्यालयाने केलेली. तिथे जाळी भिंतीपासून चारेक फूट लांब उभी केली आहे, त्यामुळे तापलेली हवा त्या फटीतच अडते. इमारतीच्या पोटात, जमिनीच्या खाली, बारवेसारखा पाण्याचा चौक आहे. अलिबागजवळ नांदगावला 'स्टुडिओ मुंबई'ने ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांनी वेढलेलं घर बांधलं आहे. उभ्या झडपांतून वारा येतो, ऊन गाळून येतं.

आणि आपला वाडा? चौक, ओसरी, माजघर, जाड भिंती, कोनाडे. चौकातून गरम हवा वर निघून जायची, ओसरीवर बाहेरचा माणूस थांबायचा, माजघर थंड आणि खासगी राहायचं. वाड्याची महिरप घेऊन फ्लॅटच्या हॉलला चिकटवणारे खूप भेटतात. दाराशी थांबायला ओसरीसारखी चार बाय सहा फुटांची जागा द्या म्हणणारा एखादाच.

वरचा मजला उन्हाळ्यात भट्टी होतो. पश्चिमेची खोली तर संध्याकाळीही नको वाटते. काय करावं?

या प्रश्नावर मी थोडी लांबण लावते, कारण निम्मी घरं इथेच बिघडतात.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खाणारी 'भिंत' म्हणजे तुमची गच्ची. तिला आधी सावली किंवा पांढरा रंग द्या. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय. ऊन परतवणारा पांढरा लेप त्याहून स्वस्त, पण दर काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. सोलर पॅनेल जरा उंच मांडणीवर बसवले तर वीजही होते आणि स्लॅबवर सावलीही पडते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे हा हिशेब आता बऱ्याच घरांना जमतो.

दक्षिणेची खिडकी सोपी असते. मार्चमध्ये भर दुपारी दोन फुटी छज्जा जवळजवळ सहा फूट सावली देतो, खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य खाली सरकतो, तोच छज्जा सव्वादोन फूटच सावली देतो आणि थंडीतलं ऊन आत येतं. एकच छज्जा दोन ऋतूंची कामं करतो, बटण न दाबता.

पश्चिमेला हे चालत नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली असतो की दोन फुटी छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर पडते. उरलेलं ऊन थेट पलंगावर. तिथे छज्जा लांबवून उपयोग नाही. उभी आडोशाची पट्टी हवी, जाळी हवी, बाहेरून सोडायचा चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा हवा किंवा एखादं झाड. पडदा आतून लावाल तर काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. प्लॉटवर नवं बांधत असाल तर पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली टाका. त्यांना ऊन सोसतं, बाथरूमला तर हवंच असतं.

आणि एसी घेतलाच तर २४ अंशांवर ठेवून बघा. जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी चालू करताच २४ वर सुरू होतात, तो नियमच आहे. आपण लगेच १८ करतो आणि मग चादर ओढतो.

वास्तुशास्त्र पाळता का?

तुमचा विश्वास असेल तर मला पहिल्या भेटीत सांगा. स्लॅब पडल्यावर काकांच्या ओळखीचे तज्ज्ञ येतात आणि संडास हलवायला सांगतात, तिथे माझा धीर सुटतो. काही संकेत इथल्या हवामानाशी जुळतात, पूर्वेचं कोवळं ऊन घरात येऊ देणं त्यातलंच. काही जुळत नाहीत. आराखडा हातात असेपर्यंत बहुतेक गोष्टी सांभाळता येतात. पण त्यापायी ड्रेनेजची लाइन पंचवीस फूट आडवी न्यावी लागत असेल तर मी तेव्हाच नको म्हणते. उताराला दिशा कळत नाही.

कार्पेट एरिया म्हणजे नक्की किती जागा?

रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा. त्याच्या व्याख्येनुसार घरातली वापरण्याजोगी जागा, त्यात आतल्या भिंतींची जाडी धरलेली. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्टची जागा, फक्त तुमच्यासाठी असलेली बाल्कनी आणि गच्ची त्यात नाही. फर्निचरचा आराखडा मात्र ब्रोशरवरून कधीच करू नका. ताबा मिळाल्यावर टेप घेऊन मोजा, तेही गिलावा झाल्यावर. दहा फुटांची म्हणून सांगितलेली भिंत नऊ फूट नऊ इंच निघते, आणि सव्वासहा फुटी पलंग, दोन कडेची टेबलं आणि कपाट यांचं गणित तिथेच कोलमडतं.

मधली भिंत पाडून हॉल मोठा करता येईल का?

इमारत कशी बांधली आहे त्यावर आहे. कॉलम-बीमच्या आरसीसी सांगाड्यात विटांची किंवा ब्लॉकची आतली भिंत बहुतेक वेळा भार घेत नाही. तरी इंजिनिअरकडून लेखी घ्या. जुन्या भार पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतीत विषयच सोडा. आणि गेल्या काही वर्षांत बरेच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतून उभे राहतात, त्याला साइटवर 'मायवन' म्हणतात. त्यात जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची असते आणि इमारत तिच्यावरच उभी असते. तिथे पाडणं सोडाच, वायरिंगसाठी खाचा मारणंही चालत नाही. स्विच हलवायचा तर भिंतीबाहेरून पट्टीतून किंवा फर्निचरच्या मागून वायर न्यावी लागते. मायवनमध्ये घर घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि ते आमच्याकडे येतात तेव्हा सॅम्पल फ्लॅटची स्वप्नं बघून आलेले असतात.

आणखी एक. रेरामध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. तुम्ही आत तोडफोड केली की भेग कुणामुळे पडली यावर वाद घालायला त्याला आयतं निमित्त मिळतं. काम काढण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

माती, चुना, चिरा वापरून बांधायचं आहे. टिकेल ना?

टिकतं, पण जमणारा गवंडी मिळायला हवा. कोकणात चिऱ्याच्या भिंतींवर मंगलोरी कौलांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मधे पोकळी सोडायची पद्धत रुजवली. तिला 'रॅट-ट्रॅप बाँड' म्हणतात. विटा सुमारे पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. गिलावाही लागत नाही, मात्र मग गवंड्याचा हात उघडा पडतो.

पण किल्लारीचा भूकंप विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरं कोसळली, त्यांत जाड दगडी भिंती होत्या, मातीत रचलेल्या, वर मातीचं जड धाबं. दगडाचा दोष नव्हता. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड नव्हते, जोत्यावर, चौकटीवर आणि छताखाली भिंतीला कमरपट्ट्यासारखा आडवा पट्टा नव्हता. आज दगडात किंवा मातीच्या विटांत बांधायचं तर हे पट्टे घालूनच. त्यात तडजोड करणारा कितीही निसर्गप्रेमी असो, त्याला काम देऊ नका.

स्वयंपाकघराची आखणी करताना काय बघायचं?

आधी ओट्याची उंची. जो जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याने उभं राहून कोपर काटकोनात वाकवावं, त्याखाली चार ते सहा इंचांवर ओटा. पाच फूट उंचीच्या बाईला ३२ इंच बरा पडतो, उंच माणसाला ३४-३५. सगळीकडे एकच ३४ करून टाकायची पद्धत आहे आणि मग पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. ओट्यावर ठेवायची शेगडी आणखी चार-पाच इंच उंची खाते, कढईची कड त्याच्याही वर. बाई बुटक्या असतील आणि साधी शेगडी असेल तर मी शेगडीखालचा तुकडा खाली उतरवते. दिसायला तुटक दिसतं. एका साइटवर सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, महिनाभराने त्यांनीच फोन करून बहिणीच्या घरच्या ओट्याचं माप सांगितलं.

मग ड्राय बाल्कनी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन, भांडी घासायची जागा, कचऱ्याचा डबा, झाडू, गॅसचं सिलिंडर आणि कधीकधी तुळसही तिथे कोंबलेली असते. लोक ती बंद करून स्वयंपाकघर मोठं करायला निघतात. बंद केलीत की फोडणीचा वास आणि ओल दोन्ही घरात. शिवाय परवानगीचा प्रश्न वेगळाच.

चिमणीचा पाइप थेट बाहेर न्या, जितकी वळणं कमी तितकी ती खरं काम करते. सिंकशेजारी किमान दोन फूट मोकळा ओटा हवा, ओली भांडी पालथी घालायला. मिक्सर कायमचा बाहेर राहणार आहे हे मान्य करून त्याला जागा आणि प्लग द्या. 'वापर झाला की कपाटात ठेवू' असं मला आजवर अनेकांनी सांगितलंय.

प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड… फसवणूक कुठे होते?

साध्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० हा मानक क्रमांक असतो. शिक्का बघा, नुसत्या 'वॉटरप्रूफ' शब्दाला अर्थ नाही. सिंकखाली आणि बाथरूमलगत मरीन. हॉलच्या टीव्ही युनिटला मरीन लावणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कोरड्या जागेत रंगाच्या दारांना छान, गुळगुळीत येतं, पण पाणी लागलं की फुगतं. पार्टिकल बोर्डात (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा धरत नाही.

फसवणूक बहुधा आतल्या खोक्यात होते. दारं दाखवलेल्या मालाची, आत दुसराच माल. सनमायका चिकटवण्याआधी एकदा साइटवर जा, कापलेल्या कडा बघा. थरांमध्ये पोकळी दिसली, थर एकमेकांवर चढलेले दिसले तर तिथेच थांबवा. सुतार तुमच्याकडे जरा रागाने बघेल. बघू दे.

गळती कशी टाळायची?

टाइल्सच्या सांध्यांत नुसतं ग्राउट भरून पाणी थांबत नाही. ते खालच्या थरावर थांबतं. बाथरूमचा स्लॅब खरवडून साफ करणं, पाइप जिथून जातात ती भोकं नीट भरणं, जलरोधक लेप भिंतीवर फूटभर वर चढवणं, त्यावर उतार धरून कोबा, आणि सगळ्यात शेवटी टाइल. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा अजून चालतो, फक्त जुन्यावर नवा चढवू नका. स्लॅबवर किती वजन टाकतोय याचा विचार कुणीच करत नाही.

लेप झाल्यावर पाणी भरून ठेवायची चाचणी असते. सुरुवातीच्या काळात एका घरात मी ती एका रात्रीवर आटोपली. घरमालकांना वास्तुशांतीची तारीख गाठायची होती, मी हो म्हटलं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटमधल्या आजी मला हाताला धरून त्यांच्या न्हाणीघरात घेऊन गेल्या आणि छतावरचा पिवळा डाग दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या, अर्धा खर्च मी केला. तेव्हापासून तीन दिवस पाणी भरून ठेवते आणि खालच्या घरातून छत तपासल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही.

फरशी कोणती घ्यावी?

व्हिट्रिफाइड टाइल सोपी, डाग धरत नाही, दोन बाय चारची घेतलीत तर सांधे कमी. पण पायाला कडक आणि ओली झाली की घसरडी. घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील तर चकाकणारी नकोच. कोटा आणि शहाबादी अजूनही मला आवडतात. उन्हाळ्यात पाय टेकताच कळतं का ते. सिमेंटची जागेवरच ओतून घोटलेली आयपीएस फरशी फोटोत फार सुंदर दिसते. तिला बारीक भेगा पडणार हे ज्यांना चालणार असेल त्यांनीच करावी.

खर्च किती येईल?

फोनवर आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नका. दोघांचं कोटेशन तुलना करण्यासारखं असेल तेव्हाच आकड्याला अर्थ. कपाटाचा दर बहुधा पुढच्या बाजूच्या चौरस फुटावर असतो. आठ बाय सात फुटांचं कपाट म्हणजे ५६ चौरस फूट. आता विचारा: वरचा लॉफ्ट यात आहे का? आतले ड्रॉवर, हँडल, बिजागऱ्या, आरसा? पाठीला कितीचं प्लाय? एकाने हे सगळं धरलेलं असतं, दुसऱ्याने काहीच नाही, आणि स्वस्त तोच वाटतो. स्वयंपाकघराचा दर काही जण रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, देतात, तिथे तर गोंधळ आणखी. गवंडीकाम, फरशी ब्रासवर असते, एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. आर्किटेक्टच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो फीमध्ये धरलाय की वर, तेही आधीच विचारून घ्या.

पैसे टप्प्यांनी द्या, दिसलेल्या कामावर. शेवटचा हप्ता बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावरच. आणि ठरलेल्या रकमेच्या दहाएक टक्के बाजूला ठेवा, भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं.

ऑफिसला पुढून पूर्ण काच हवी. 'कॉर्पोरेट' दिसलं पाहिजे.

थंड देशात काच ऊन आत ओढायला लावतात. आपण ती लावतो, मग ऊन थांबवायला पडदे लावतो, मग अंधार पडला म्हणून दिवसा दिवे लावतो, आणि त्या सगळ्याच्या उष्णतेवर एसी. हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केलेलं 'सुझलॉन वन अर्थ' एकदा बघून या. इमारत बुटकी आणि पसरट आहे, मधे चौक आहेत, काचेपुढे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. बहुतेक माणसं दिवसाच्या उजेडात बसतात. कॉर्पोरेट दिसण्यात कुठेही कमी पडत नाही.

लहान ऑफिसात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आवाज. उघडं काँक्रीटचं छत, काचेच्या केबिन, टाइलची फरशी, आणि वीस माणसं एकाच वेळी कॉलवर. निदान छताला आवाज शोषणारे बोर्ड आणि फोनवर बोलायला एक बंद कोपरा द्या. एसी सर्व्हिसिंगला जागा सोडा, नाहीतर दर तीन महिन्यांनी कुणीतरी एमडीच्या टेबलावर शिडी लावेल.

दुकानाचं काम काढतोय. कशाकडे लक्ष द्यावं?

दिव्यांकडे. साडीच्या दुकानात तुम्ही बघितलं असेल, गिऱ्हाईक पैठणी हातात घेऊन दारापर्यंत जातं, उजेडात रंग बघायला. ती दुकानाच्या दिव्यांविरुद्धची तक्रार असते. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, कापड, दागिने, फळं यांना ९० च्या पुढचा घ्या. पांढरा शुभ्र ६५०० केल्विनचा दिवा स्वस्त आणि झगझगीत, पण त्यात सोनं फिकं दिसतं आणि माणसाचा चेहरा आजारी.

पायऱ्यांकडेही बघा. उताराचं प्रमाण एकास बारा हवं. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प. बहुतेक दुकानांपुढे चार फुटांत तो कोंबलेला असतो, त्यावरून व्हीलचेअर नेऊन दाखवावी कुणीतरी. जागा नसेल तर आतली पातळीच खाली घेता येते का ते फरशी बसण्याआधी पाहा.

पाटी मराठीत लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही नियम लागू आहे, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पाटीचा आराखडा करतानाच हे धरलं तर मराठी अक्षर मागाहून चिकटवल्यासारखं दिसत नाही. देवनागरीत चांगले फाँट भरपूर आहेत.

कॅफे किंवा रेस्टॉरंटसाठी वेगळं काही?

आग. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ माणसं गेली. बांबू, ताडपत्री, कापडी छत अशी सजावट करायची हौस सगळ्यांना असते. मी सरळ नाही म्हणते. दोन दिशांना दोन वाटा, दार बाहेर उघडणारं, आणि त्या वाटेत जादाच्या खुर्च्या रचायच्या नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तो खर्च वार्षिक हिशेबात धरा.

काम कधी सुरू करावं?

पावसाळ्यात गिलावा आणि रंग वाळत नाही, लाकूड ओल धरतं. दिवाळीच्या आधी सगळ्यांना ताबा हवा असतो, म्हणून गणपतीनंतर चांगला सुतार मिळत नाही. पाडवा ते मृग या काळात काम आटोपलं तर सगळ्यात बरं.

काम संपल्यावर तुमच्याकडून काय मागून घ्यायचं?

गिलाव्याआधी काढलेले भिंतींचे फोटो, वायर आणि पाइप दिसतील असे, टेप लावून. पाच वर्षांनी टीव्ही हलवायला ड्रिल घ्याल तेव्हा ते लागतील. अंतिम नकाशे. सनमायक्याचे आणि रंगाचे क्रमांक, कारण 'तोच ऑफ-व्हाइट' असा रंग नसतो. गिझर, चिमणी, नळ यांची बिलं आणि वॉरंटी. मेन व्हॉल्व्ह कुठला आहे ते घरातल्या सगळ्यांना हाताने फिरवून दाखवून घ्या, एकट्या बाबांना नको. आणि उरलेल्या टाइल्सची एक पेटी, प्रत्येक प्रकारातली. ती माळ्यावर टाकू नका, पलंगाखाली ठेवा. माळ्यावरची पेटी घर बदलेपर्यंत कुणाला सापडत नाही.